इंद्रजीतचा जवाब

केळापूरचे देवराव आणि उमरखेडचा इंद्रजीत, दोघेही सवाल-जवाबाची भजनं करणारे. तरुणपणी एका जत्रेत समोरासमोर बसले; उजाडलं तरी कोणी हरेना. तेव्हापासून ते भांडण पोस्टकार्डावर आलं. एकानं गाण्यातून सवाल लिहायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब. हातात मोबाइल आले, कार्ड सुटलं नाही.

"फोनवरचा सवाल हवेत जाते," देवराव म्हणत. "कागदावरचा उशाशी झोपते."

आलेलं कार्ड भजनी मंडळात हातोहात फिरे. इंद्रजीतचं तिरपं अक्षर सारे ओळखत.

यंदा देवरावांनी विचारलं होतं, माणूस गेल्यावर त्याचा आवाज कोणाच्या घरी राहायला जातो?

कार्ड आलं तेव्हा ते वावरात होते. सून सुरभीनं उचललं. खालच्या ओळीत 'निधन' दिसलं, नाव दिसलं. मरणाची चिठ्ठी घरात ठेवत नाहीत. पुढं न वाचता तिनं ती फाडून चुलीत घातली, वर पाणी ठेवलं.

"मामाजी, उमरखेडचे काका गेले. अंघोळीचं पाणी तापलं हाये."

देवराव त्या पाण्यानं न्हाले.

मग एसटी बदलत उमरखेडला गेले. इंद्रजीतचा मुलगा अतुल म्हणाला, "कार्ड भेटलं न, काका? बाबानं वरतं जवाब लिहून ठेवला होता. टाकाचाच राह्यला. मी खालच्या जागेत खबर लिहिली."

"तुले आठवते काय होतं ते?"

"मी कायले वाचू? तुमचं दोघाइचं ते."

देवराव परतीच्या एसटीत बसले.

पुढच्या भजनाला सुरभी बायकांत बसली होती. मंडळातले मारोतराव हसून म्हणाले, "काय देवराव, दोस्ताले सवाल भारी पडला वाटते. जवाब न देताच गेला."

खरं सांगावं, तर गाव सुरभीला जन्मभर बोलणार. गप्प बसावं, तर इंद्रजीत हरून मेला.

"जवाब आला," देवराव म्हणाले. "मी हरलो."

"मंग म्हण की."

"हरलेल्यानं तो म्हणाचा नसते."

मंडळाच्या रीतीप्रमाणे, हरल्याची खूण म्हणून, त्यांनी खंजेरी पालथी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी जाताना सुरभीनं विचारलं, "मामाजी, उमरखेडहून आणला तो जवाब काय होता? मले तरी सांगा."

"चांगला होता," देवराव म्हणाले, आणि जरा पुढं होऊन चालू लागले.