बादलीतल्या निवट्या

आईने डहाणूच्या खाडीतल्या चिखलातून निवट्या पकडून आणल्या होत्या. माशांना पाणी हवं, म्हणून मी बादली निम्मी भरली, तर त्या पाण्याबाहेर येऊन बादलीच्या कडेला चिकटल्या.

"अगं ए, बुडवतेस काय त्यांना? कालवणापर्यंत तरी जगू देत!" आई हसली.

पाण्यात त्यांचा जीव गुदमरतो, उन्हात अंग सुकतं. त्या जगतात मधल्या चिखलात. मला हॉस्टेलवर घर आठवतं आणि घरी आले की दुसऱ्याच दिवशी हॉस्टेल. कॉलेज सोडते, हे सांगायलाच मी या वेळी आले होते. पण असं कुठेच धड न रमणं म्हणजे चूकच असेल का?

"उद्याच्या गाडीने जाणार ना?" आईने विचारलं.

"जाते," मी म्हणाले. मन अजून थाऱ्यावर नव्हतं, तरी म्हणाले.