वास विचारणारे सर

"आधी वास सांगा ताई. बाकी मंग पाहू."

नर्सरीच्या फाटकातून आत येताच सर हे म्हणायचे. स्कूटर कडुलिंबाखाली लावायची, हेल्मेट हँडलला अडकवायचं, रुमालाने टक्कल पुसायचं आणि थेट होयांच्या मांडवाखाली येऊन उभं राहायचं. मधल्या गुलाब-शेवंतीकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही.

होया तुम्ही पाहिला असेल. जाडसर, चकाकत्या पानांचा वेल, मेणातून कोरल्यासारखी चांदणीच्या आकाराची फुलं, झुपकेच्या झुपके. आमच्याकडे येणारी माणसं तो पानांवरून निवडतात. कोणाला बदामाच्या आकाराचं पान हवं असतं, कोणाला चांदीचे शिंतोडे उडालेलं, कोणाला गुलाबी कडेचं. फूल यायला दोन-तीन वर्षंही लागतात, तेवढा धीर कोणाला? सर मात्र पानाला हातही लावत नसत. नवी जात दाखवली की प्रश्न एकच, "वास कसा येते?"

"सर, याचा दालचिनीसारखा."

"आन् याचा?"

"हा गोड. चॉकलेटची आठवण येते."

"आन् हा?"

"याला फारसा वास नाही. पण फूल बघा कसलं देखणं आहे."

"मंग तो राहू द्या."

आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, आणि देखणं फूल राहू द्या म्हणतो, याचं मला नवल वाटायचं.

एकदा मी मासळीच्या खताची बादली उघडून बसले होते. आमचा माळीसुद्धा नाकाला गमछा बांधून पलीकडे पळाला होता. सर आले आणि बादलीशेजारीच स्टूल ओढून आरामात बसले. "ताई, तो मागचा दालचिनीवाला मस्त निघाला हं," म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी बादलीकडे पाहिलं, माझ्या नाकावरच्या पदराकडे पाहिलं आणि ओशाळून हसले.

"मले नाई येत वास. कोरोना झाला होता ना, तवापासून गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणत, येईन हळूहळू. आता मी वाट पाहणं सोडलं."

"मग एवढे वासाचे होया कोणासाठी नेता, सर?"

"तिच्यासाठी. तिचे डोळे गेले ना. शुगरनं."

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. वेलांवर पिठ्या ढेकणाची पांढरी कीड पडली होती, ती पाहायला बोलावलं होतं. मे महिना होता. आपल्या नागपूरचा मे काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. सरांनी गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या कूलरच्या खोलीत आणल्या होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढत दोघं नवरा-बायको राहत होते. काकू पलंगावर बसल्या होत्या, ठेंगण्या, गोऱ्या, हातात हिरव्या बांगड्या. माहेर भिवापूरचं, त्यामुळे बोलणंही तिकडच्या मिरचीसारखंच.

"ताई आल्या वाटते. या, बसा. जागा असंल तर! यायनं मले जंगलात आणून टाकलं आहे."

एका वेलाला पांढरा, लोकरीसारखा मऊ झुपका आला होता. सरांनी कुंडी अलगद उचलून काकूंच्या तोंडापाशी धरली.

"सांग."

"दालचिनी. पण ओली. मसाल्याच्या डब्यात पाणी गेल्यावर येते तसा." काकूंनी पुन्हा श्वास घेतला. "तुम्ही सांगा."

"पांढरा. पण धोतरासारखा नाही. दूध तापवल्यावर वरती साय येते ना, तसा. आन् मधात एक पिवळा थेंब. तुह्या त्या रामटेकहून घेतलेल्या नथीतल्या खड्याएवढा."

"त्या नथीत पिवळा खडा नव्हता."

"होता वं."

"लाल होता. तुम्ही काय ड्रॉइंग शिकवलं पोराईले, देवच जाणे!"

तेवढ्यात काकू एकदम ताठ झाल्या. "अवो, भाजी लागली!" सर कुंडी तशीच हातात घेऊन स्वयंपाकघराकडे धावले. तिथून भांड्यांचा आवाज आणि त्यांचं "हाव, हाव, पाहून राहिलो" ऐकू येत होतं. काकू हसत होत्या. "रोजचंच आहे," मला म्हणाल्या. "यायले जळल्याचं समजत नाई, आन् मले जळलेलं दिसत नाई. आम्ही दोघं मिळून एक माणूस आहो."

त्या दिवाळीनंतर सर काकूंना नर्सरीत घेऊन आले. "आज ही निवडते," म्हणाले. काकूंनी एकेक पान बोटांनी चाचपलं. बदामाचं पान हाताला लागलं तर म्हणाल्या, "हे काय, दिल आहे? लग्नात नाई दिलं, आता कायले?" सर लाजले, हे मी स्वतः पाहिलं. मग एका मोठ्या पानावर काकूंचा हात थांबला. त्या पानावर शिरा उठून आलेल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर येतात तशा. काकू कितीतरी वेळ त्या शिरांवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"हा पायजे. वास कसा येते याचा?"

"काकू, माझ्याकडे याला अजून फूलच आलं नाही. मला माहीत नाही."

"मंग तर हाच. मी सांगीन तुम्हाले."

तो वेल त्यांच्याकडे चांगला रुजला. सर येत, त्याची बातमी सांगत. नवी फांदी फुटली, तारेवर चढली. फूल मात्र येत नव्हतं. काकूंच्या किडन्या त्याच सुमारास थकू लागल्या. डायलिसिस सुरू झालं, सरांचं येणं कमी झालं. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. काकू दवाखान्यात होत्या, अतिदक्षता विभागात, आणि इकडे वेलाला कळ्या आल्या होत्या.

"ताई, कुंडी दवाखान्यात नेऊ काय?"

"नेऊ देणार नाहीत, सर. आणि हलवली तर कळ्या गळतील. उमलू द्या, मग झुपका कापून न्या."

"पण तुम्हीच सांगतलं होतं, देठ कापायचा नाई. त्याच देठावर पुन्हा फूल येते म्हणून."

"यावेळी कापा, सर," मी म्हणाले.

त्यांनी कापला. ओल्या रुमालात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून नेला. पुढचं त्यांनी मला तेरवी झाल्यावर सांगितलं, होयांच्या मांडवाखाली उभं राहून.

"नर्स भली बाई होती. तिनं मास्क जरासा बाजूले केला. मी झुपका नाकापाशी धरला. हिनं वास घेतला ताई, चांगला भरून घेतला. चेहरा असा उघडला तिचा. मी म्हटलं, सांग. तर म्हणते, 'थांबा. सांगते मंग.' दम लागला होता तिले. नर्सनं मास्क लावून टाकला."

सरांनी रुमालाने टक्कल पुसलं.

"मंग काही बोललीच नाही. रात्री गेली."

मी स्टूल पुढे केलं. ते न बसताच म्हणाले, "त्या नर्सले विचारलं मी. म्हटलं, बाई, तुम्ही तर तिथंच होत्या, कसा होता वास? तर म्हणते, छान होता. आता छान हा काय वास आहे, सांगा बरं?" आणि इतका वेळ न रडलेला तो माणूस या वाक्यावर रडला.

उन्हाळ्याच्या आधी त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे भिलाईला न्यायला आली. जाताना गाडी नर्सरीपाशी थांबली. सरांनी मोठ्या पानाच्या होयाची कुंडी उतरवून माझ्यापाशी ठेवली. बाकीचे वेल शेजारीपाजारी वाटून टाकले होते.

"हा तरी सोबत न्या, सर. छोटी फांदी करून देते."

"नको. तिथं कोणाले विचारू?"

"मग इथे फुलला की मी फोन करीन. वास कसा आहे ते सांगीन."

सरांनी त्या पानावरून एकदा हात फिरवला, उलटा, बोटांच्या पाठीने.

"नका सांगू, ताई," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तो तुमचा असंल."

यंदा त्या वेलाला फूल आलं. संध्याकाळी गिऱ्हाईक गेल्यावर मी मांडवाखाली गेले, वाकले आणि वास घेतला. कसा होता, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. भिलाईला फोनही केला नाही.