कावळ्याच्या गोळ्यांचा पांजरपोळ

सांगलीच्या स्टँडवर काकूंनी मला शेवटची ताकीद दिली. "बिरू, आण्णांस्नी तिथं बटाटा खाऊ घातलास, तर तू तिकडंच ऱ्हा."

आण्णा खिडकीपाशी भडंगाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. डब्यात लसूण नाही, कांदा नाही, जमिनीखाली उगवलेलं काहीच नाही. आम्ही दोघं निघालो होतो नॉर्वे देशाला. मी म्हसवडचा. आठवीतून शाळा सोडली आणि विहिरीत पडलेल्या मोटारी काढायच्या धंद्याला लागलो. आमच्या माण तालुक्यात पाणी नाही, म्हणून पाण्यात उतरायचं काम आम्ही दुसऱ्यांच्या गावात करतो. कृष्णाकाठच्या आण्णांच्या विहिरीतून मोटारी, घागरी आणि एकदा शेजाऱ्याची सायकल मी काढली, तेव्हापासून हे जैन घर मला आपलं मानतं. पासपोर्ट त्यांनी काढून दिला, स्वेटर काकूंनी विणला. एवढे उपकार अंगावर घेऊन माणसानं विमानात झोपायचं कसं? मी झोपलोच नाही.

आण्णांची एकुलती लेक पद्माताई तिकडं समुद्राच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर. समुद्रातलं जंगल उजाड झालंय, ते ती परत लावते, एवढं घरी ठाऊक होतं. काकूंचे गुडघे चालत नाहीत, म्हणून लेक बघायला आण्णा निघाले आणि भाकरी थापायला, पिशव्या उचलायला मी.

"समुद्रात झाडं लावायची," आण्णा पुण्यापर्यंत सांगत होते, "म्हंजे पाणी पाजायचा तरी ताप न्हाई बघ."

परक्या विमानतळावर आमचं ज्वारीचं पीठ धरलं. पांढरी पूड, पुड्या बांधलेल्या, बरोबर एक घाबरलेला माणूस. तो घाबरलेला माणूस मी. एक कुत्रं आणलं, त्यानं पिठात तोंड घालून आमच्याकडं बघितलं. आण्णा म्हणाले, "भूक लागलीया रं त्याला. बिस्कूट दे." मी दिलं. कुत्र्यानं खाल्लं. साहेबाला हसू आवरेना, त्यानं आम्हाला सोडलं.

ताईंचं गाव म्हणजे एक धक्का, लाल रंगाची लाकडी घरं आणि मागं बर्फाचे डोंगर, मे महिना सरत आला तरी. वाटेत माळावर लाकडी मांडवच्या मांडव. आण्णा मोटारीतून ओरडले, "अगं, हिकडं बी बेदाण्याची शेडं हायत की! आपल्या तासगावासारखी!" ताई काही बोलायच्या आत ते उतरून चालू लागले. जवळ गेले, वास घेतला आणि गेले त्याच्या दुप्पट वेगानं परत आले. ते होते येल (मासे वाळत घालायचे मांडव).

पहिल्या संध्याकाळी खरी अडचण उभी राहिली. आण्णा सूर्य मावळायच्या आत जेवतात, हा त्यांचा नेम. ते खिडकीत बसून सूर्याकडं बघत राहिले. भाकरी गार झाली. सूर्य डोंगरावर हात टेकून उभा असल्यासारखा जागचा हलेना.

"ह्यो मावळणार कवा गं?"

"जुलै सरेपर्यंत न्हाई मावळत आण्णा इथं."

"म्हंजे तवर माणसानं कवाबी जेवायचं?" आण्णांनी खूप विचार केला. "न्हाई. ही सवलत बरी न्हवं."

मग असं ठरलं की सूर्य सांगलीचा धरायचा. सांगलीत दिवस मावळतो तेव्हा तिथं भर दुपार. रोज काकूंना फोन. "मावळला का गं?" "मावळाय लागलाय, आटपा." एके दिवशी काकू म्हणाल्या, आभाळ आलंय, अंदाजे मावळला असंल. आण्णा म्हणाले, "अंदाजे चालत न्हाई, माडीवर जाऊन बघ." त्या गुडघ्यांवर काकू माडी चढल्या. वर जाऊन त्यांनी सूर्याबद्दल काय सांगितलं ते कळलं नाही, आण्णांबद्दल काय सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं.

ताईंनी मला होडीतून कामावर नेलं. आण्णांना नाउस्तच्या (होड्या ठेवायची खोप) बाकावर घोंगडी देऊन बसवलं. खोल जायचा परवाना माझ्याकडं नाही, म्हणून मला काठाजवळ दोन परस, म्हणजे दोन माणसं खोल पाण्यात सोडलं. रबरी पोशाख घालूनही पाणी असं चावलं की मला माझ्या सगळ्या विहिरी उबदार वाटायला लागल्या.

आणि तळ बघितला. आधी एका कोपऱ्यात उरलेलं जंगल. तारेस्कूग (समुद्री वनस्पतींचं रान). हातभर रुंद तपकिरी पानं, वाऱ्यात ऊस डुलावा तशी पाण्यात डुलणारी, मधून माशांची पोरं, खेकडे, शिंपले, जत्राच. आणि दहा हात पुढं गेलं की काही नाही. नुसता खडक आणि खडकावर हिरवट काटेरी गोळे, एकाला एक खेटून, दिसेल तिथपर्यंत. तिथले लोक त्याला क्रोकेबोले म्हणतात (कावळ्याचे गोळे). ताईंनी होडीत समजावलं. ह्यांना खाणारे मोठे मासे माणसांनी धरून संपवले, मग हे वाढले आणि सगळं जंगल चरून बसले. आता खायला काही नाही. आतून पोकळ होतात, पण मरत नाहीत, वर्षानुवर्षं तसेच बसतात. नवं रोप उगवलं की खातात.

"मग ह्यांचं करायचं काय?"

ताईंनी माझ्या हातात हातोडी दिली. मी त्यांच्याकडं बघितलं, त्या समुद्राकडं बघत होत्या. "आण्णांना मी सांगितलंय, झाडं लावते. लावतेच की. तू काही बोलू नको बिरू."

मी शपथ घेतली. पण शपथ तोंडाची असते, हाताला आपली सवय असते. आमच्या धंद्यात रीत आहे. पाणबुड्यानं बुडी मारली की तळातलं काहीतरी पहिल्यांदा आणून मालकाच्या पायाशी ठेवायचं. मूठभर गाळ का असेना. त्याशिवाय हा तळाला टेकून आला हे मालकानं मानायचं कसं? त्या दिवशी काठावर आलो, समोर बाकावर आण्णा दिसले आणि माझ्या हातांनी तळातून भरून आणलेली बादली नेऊन त्यांच्या पायाशी ठेवली. बादलीत जिवंत गोळे, काही फुटलेले. माझ्या कमरेला हातोडी.

आण्णा वाकले. काटे सावकाश हलत होते.

"जित्ती हायत का रं ही?"

"व्हय."

"आन् ही फुटलेली?"

मी कमरेची हातोडी मागं सरकवली. मागून ताई येत होत्या, त्यांच्याही कमरेला हातोडी. आण्णांनी एकदा माझ्या कमरेकडं बघितलं, एकदा लेकीच्या. मग घोंगडी घडी घालून म्हणाले, "चला. गारठलं."

त्या दुपारी काकूंचा फोन आला, मावळतोय म्हणून. आण्णा ताटावर बसलेच नाहीत. "मला आज घास उतरायचा न्हाई." दुसऱ्या दिवशीही नाही. उकळलेलं पाणी तेवढं घेत. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, मी सांगलीच्या स्टँडवर एकटाच उतरतोय आणि समोर काकू. मी रडकुंडीला येऊन त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "दशलक्षण पर्वात धा धा दिवस उपास करत्यात त्ये. तू जेव. पर पद्मा जेवती का बघ." ताईही जेवत नव्हत्या. दोघं समोरासमोर बसून एकमेकांना जेवायचा आग्रह करायचे.

होडीवरचा ओलाव नावाचा माणूस, दाराएवढा, माझ्याजवळ आला. म्हातारा आजारी आहे का? माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं. मी म्हणालो, नॉट सिक. नॉट ईटिंग. बिकॉज हॅमर.

ओलाव एकदम ताठ झाला. हा माणूस जन्मभर कामगार संघटनेत. त्यानं टोपी काढली, हातोडी धक्क्यावर ठेवली आणि बाकीच्यांना हाक मारली. बघता बघता सगळ्यांच्या हातोड्या एका रांगेत. संप! आण्णांचा उपास त्यांनी हातोडीविरुद्धचा संपच धरला, आणि कुणी संपावर असताना त्याच्यासमोर काम करणं तिथं आईला शिवी दिल्यासारखं. त्यांनी किटलीभर कॉफी केली, धक्क्यावर बसले आणि आण्णांना नमस्कार पाठवला. मला ब्रुनोस्त (तपकिरी, गोडसर चीज) दिलं, खव्याच्या खरवडीसारखं लागतं. मी ते खाल्लं. मी संपात नव्हतो.

ताई धावत आल्या. "काय केलंस बिरू? टाकीत रोपं तयार आहेत! बारीक खडीवर रुजवलेली रोपं, ह्याच आठवड्यात तळावर टाकली न्हाईत तर गेली! सगळं वर्ष गेलं!" त्यांचा आवाज फाटला. हे काम ह्या उन्हाळ्यात दिसलं नाही तर वरचे लोक ते बंद करणार होते.

ओलावनं त्यांना शांतपणे अडवलं. संपावरच्या माणसाशी थेट बोलायचं नसतं, आधी मागण्या काय त्या विचारायच्या. आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मध्यस्थ. मी आण्णांकडं गेलो.

"आण्णा, मागणी काय म्हणून इचारत्यात."

"कसली मागणी? माझी पोरगी हाय ती. मी काय कारखान्याच्या दारात बसलोय व्हय?"

मी परत गेलो. ओलाव वाट बघत होता. मागणी नाही असं सांगावं तर संप मोडेना. घाबरून माझ्या तोंडातून निघालं, "पांजरपोळ."

ओलावनं ताईंना विचारलं, म्हणजे काय? ताईंनी कपाळाला हात लावून सांगितलं, म्हाताऱ्या, निरुपयोगी गुरांना मरेपर्यंत सांभाळायची जागा. ओलाव विचारात पडला. त्याचे सगळे लोक विचारात पडले. एकानं विचारलं, तिथं पगार असतो का? दुसरा म्हणाला, निवृत्तिवेतनच आहे की हे, गोळ्यांनासुद्धा हक्क आहे. मागणी वाजवी ठरली.

मग खोपीत बैठक. एका बाजूला ताई, एका बाजूला ओलाव, मधे आण्णा, भडंगाचा डबा बंद. ताईंनी पडद्यावर तळाचं चित्र लावलं. आधी उजाड खडक. आण्णा बाकावरून पुढं सरकले.

"आपल्या खालच्या रानासारखं झालंय," ते म्हणाले. त्यांचं नदीकडचं रान उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेलं, वर मिठाचा पांढरा थर, गवतही उगवत नाही. "ते मी मारलं. कुणी गोळ्यानं न्हाई."

मग ताईंनी टाकीतली रोपं दाखवली. खड्याखड्यावर नखाएवढी पानं. आण्णांनी उसाच्या रोपांचे ट्रे उभ्या जन्मात किती लावले असतील. "वयात आलीत गं ही. थांबायची न्हाईत."

"तेच सांगतेय आण्णा."

"पद्मा, मी काय जित्राब न मारता ऊस पिकवला व्हय? पाचाट पेटवताना सरीत काय काय जळतं, ते मी बघितलंय. मारतीस म्हणून घास उतरंना असं न्हाई. मारतीस हे मला बिरूच्या बादलीतनं कळलं, म्हणून."

ताईंनी पडदा बंद केला. ओलाव मला कोपरानं ढोसून विचारत होता, काय ठरलं, काय ठरलं? मी त्याला म्हणालो, वेट.

"मी घाबरले आण्णा," ताई म्हणाल्या. "कळलं तर तुमी येणारच न्हाई असं वाटलं."

"एवढ्या लांब उपाशी बसायला आलो की मी."

करार असा झाला. रोपं लावायची ती छोटी खाडी हातानं वेचायची, हातोडी नाही. बाकी समुद्राचं ताईंनी ठरवायचं, पण लपवायचं नाही. "सगळ्या समुद्राचा पांजरपोळ व्हायचा न्हाई, एवढं मला कळतंय," आण्णा म्हणाले. ओलावनं उठून सगळ्यांशी हात मिळवले. संप यशस्वी झाल्याची त्यांची एक आरोळी असते, ती ठोकली.

मग आम्ही वेचलं. हातमोजे घालून मी, ओलाव, ताई, सगळे, क्रेटच्या क्रेट. धक्क्याला माशांचा एक जुना रिकामा पिंजरा होता, त्यात गोळे सोडले. त्यांना घालायला कोबी आणला. आण्णांनी कोबीचं पान न पान उलटून बघितलं, त्यात अळी असली तर? अळी बाहेर काढून गवतात, पान पाण्यात. गोळे काटे हलवत पानावर चढायचे. इतक्या वर्षांच्या उपाशी जिवांना घास मिळताना बघून ओलावसारखा माणूस नाक पुसत होता. कोबी घालायच्या पाळ्या त्यानं भिंतीवर खडूनं लिहिल्या, सुट्टीच्या दिवसासकट.

खाडीचा खडक मोकळा झाला तशी ताईंनी होडीतून रोपांची खडी मुठीमुठीनं पाण्यात सोडली. आण्णा काठावरून ओरडत होते, "दाट नको गं, इरळ टाक, इरळ!" परत आल्यावर ताईंनी स्वतः भाकरी थापल्या. त्यांचे नकाशे झाले, पण आण्णांनी दोन खाल्ल्या.

आम्ही परतलो तेव्हा सांगलीत चिखल होता. काकूंनी आधी आण्णांना निरखलं, मग मला, मग विचारलं, "बटाटा?" मी देवाची शपथ घेतली. गावात सगळे विचारतात, काय बघितलंस रं एवढ्या लांब? विमान सांगावं, बर्फ सांगावा, न मावळणारा सूर्य सांगावा. मी एवढंच सांगतो की शाळा सोडलेल्या माणसाला लोकांनी एवढ्या लांब नेलं, कॉफी पाजली, त्याच्या तोंडातून भीतीनं निघालेला शब्द खरा मानून पांजरपोळ उभा केला. घाबरट माणसाला जग बरंच सांभाळून घेतं. मला तरी घेतलं.

आता मी आण्णांच्याच रानात असतो, खालच्या क्षारपडात चर काढायचं काम चाललंय. दुपारी जेवायला सोप्यात बसतो, त्याच वेळी ताईंचा फोन येतो, तिकडं सकाळ असते. पूर्वी त्या हवापाणी विचारायच्या. आता आधी सांगून टाकतात, "आण्णा, काल दिवसभर हातोडी चालवली." आण्णांचा हात ताटावर थांबतो. काकू पण वाढायच्या थांबतात. मी भाकरी मोडलेली असते, ती तशीच धरून बसतो.

मग आण्णा विचारतात, "रातच्याला जेवलीस का?"

"जेवले आण्णा."

"बरं. मग आमी बी जेवतो."