कारण विचारायचं नाही

माझी बायको विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते आणि तिचे विद्यार्थी तिला पाठीमागे घड्याळबाई म्हणतात. हे तिला ठाऊक आहे, आणि तिला ते मनातून आवडतं हे मला ठाऊक आहे. माझं पडदे शिवायचं दुकान. आमच्या धंद्यात 'उद्या नक्की' म्हणजे परवा, फार तर तेरवा. त्यामुळे आमचा संसार कसा काय टिकला, हे एक कोडंच आहे.

सत्र सुरू व्हायच्या आधी प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गाचे नियम लिहून विभागात द्यावे लागतात. उशिरा आलं तर काय, फोन वाजला तर काय, काम वेळेत दिलं नाही तर काय. बाकीचे गेल्या वर्षीचा कागद काढतात, तारीख बदलतात आणि मोकळे होतात. आमच्या हिला ते पटत नाही. जो नियम घरात आठवडाभर टिकत नाही तो वर्गात न्यायचा नाही, असा तिचा हट्ट. म्हणून दर सत्राआधी एक आठवडा आमच्या घराचा वर्ग होतो. विद्यार्थी तिघं. मी, आमची लेक आणि माझे वडील. तिघंही एकाहून एक नग.

एका वर्षी 'बोलण्याआधी हात वर करायचा' असा नियम निघाला. जेवताना बाबांनी मीठ मागायला हात वर केला. ही लेकीशी बोलण्यात गुंतलेली, तिचं लक्षच नाही. बाबाही हट्टी, हात खाली घेतील तर शपथ. शेवटी अळणी जेवून उठले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात माणूस उपाशी मरेल, पण शिस्तीत मरेल हो!" तो नियम तिथल्या तिथे निकालात निघाला. ही हसून हसून लोटपोट झाली. या सासऱ्या-सुनेचं असं काही गूळपीठ आहे, की कधीकधी मला वाटतं या घरात मीच भाडेकरू आहे.

यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हिचा एक जुना, लाडका नियम आहे. सत्रात प्रत्येकाला एक माफी. कुठलंही एक काम दोन दिवस उशिरा आणा, कारण विचारलं जाणार नाही. नव्या विभागप्रमुखांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. "बाई, हे म्हणजे आळशांना आवतण झालं. सोमवारपर्यंत तो नियम काढा, नाहीतर का ठेवायचा ते मला पटवून द्या." ही घरी आली ती चेहरा पाडूनच.

"त्यांचंच बरोबर असेल का रे?" तिने मला विचारलं. इतक्या वर्षांत तिला स्वतःच्या नियमाबद्दल शंका आलेली मी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "पुन्हा एकदा घरात लावून बघू. नाही टिकला तर मीच खोडते."

आम्ही काय दिवे लावले ते सांगतो. मी माझी माफी पहिल्याच दिवशी भांडी घासण्यावर उडवली. लेकीने इस्त्रीवर. दोन दिवसांनी आम्ही कामं केली म्हणा, पण तोंडं वाकडी करून. हिच्या कपाळावरची आठी तेवढी बोलत होती.

राहिली बाबांची माफी. त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला होता. मागच्याच महिन्यात ते बोळातल्या पायरीवरून पडता पडता वाचले. हिने दवाखान्यात खेटे घालून ऑपरेशनसाठी गुरुवार मिळवला होता. गुरुवारी सकाळी दारात गाडी उभी, आम्ही तयार, आणि बाबा खोलीतून बाहेर आले ते घरच्या कपड्यांत.

"बाई," ते म्हणाले, "मी माझी माफी घेतोय. दोन दिवसांची."

माझा पारा चढला. "बाबा, हा काय पोरखेळ आहे? डॉक्टर वाट बघतायत तिकडे! झालंय तरी काय तुम्हाला?"

"कारण विचारायचं नाही," ही म्हणाली. बाबांना नव्हे, मला.

तिने दवाखान्यात फोन करून गयावया केली आणि शनिवार पदरात पाडून घेतला. त्यांनी बजावून सांगितलं, शनिवार चुकला तर डॉक्टर दोन महिने बाहेरगावी आहेत, आणि डोळा तोवर राहील याची हमी आम्ही देणार नाही.

त्या दोन दिवसांत हिने बाबांना चहा दिला, पेपर वाचून दाखवला, शब्दकोड्याला त्यांची मदत घेतली, आणि एका अक्षराने विचारलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती त्यांच्या दारापर्यंत गेली, कडीला हात लावला आणि परत फिरली.

"विचार ना एकदा," मी म्हटलं.

"जीव तुटतोय रे माझा. पण आज विचारलं, तर तो नियम कधी नव्हताच. नुसती माझी ऐट होती."

"आणि उद्या नाही निघाले तर?"

डोळा बाबांचा जाणार होता आणि ही स्वतःचे हात बांधून बसली होती. मला तिचा राग आला. तिच्याबद्दल मायाही तेवढीच दाटून आली, कारण ती पुन्हा पुन्हा त्या दाराकडे बघत होती आणि तरी हटत नव्हती.

शनिवारी मी उठून बाहेर आलो तर बाबा बूट घालून दाराशी बसलेले. "चला," म्हणाले, "उगीच उशीर नको."

दवाखान्यात नर्सने कागद पुढे ओढला. "आजोबा, गुरुवारी का नाही आलात? इथे कारण लिहावं लागतं."

एरवी बाबांना बोलायला लावलं की थांबवायची पंचाईत. आता ते जमिनीकडे बघत राहिले. ही पुढे झाली.

"कारण नाही," ती म्हणाली. "आज आलेत, तेवढं लिहा."

नर्सने हिच्याकडे एकदा पाहिलं आणि तेवढंच लिहिलं. आत जाण्याआधी बाबांनी हिचा हात धरला.

"पोरी, गुरुवारी तू विचारलं असतंस ना, तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं. छातीत दुखतंय म्हणालो असतो. आणि मग ते खरं करून दाखवायला आजही घरीच पडून राहिलो असतो."

ते आत गेले. बाहेरच्या बाकावर बसून ही हमसून हमसून रडली. बऱ्याच वेळाने नर्सने बाहेर येऊन सगळं नीट झाल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे तिने पर्समधून रुमाल काढला.

"सोमवारी विभागप्रमुखांना काय सांगणार?" मी विचारलं.

"बाबा आत्ता जे बोलले, तेच."

"आणि हे कोण म्हणालं, असं त्यांनी विचारलं तर?"

"तर म्हणेन," ती नाक पुसत म्हणाली, "माझा एक विद्यार्थी."