लाल लेझर टिकेना

वडील वाळूजच्या एका कंपनीत पत्रा कापायच्या मशीनवर होते. पीएचडीला मी लेझरनं रेणू थंड करणार, असं सांगितल्यावर जेवता जेवता त्यांचा हात थांबला.

"आमच्याकडं लेझरनं लोखंड वितळतंय, अन् तू त्यानंच थंड करायलीस व्हय?"

थंड म्हणजे संथ, मी म्हटलं. धावणाऱ्या रेणूवर समोरून प्रकाशाचा कण आदळला की त्याला बारीकसा धक्का बसतो. असे हजारो धक्के बसले की वेग उतरतो.

"मग बसव की हजारो."

तेच तर जमत नव्हतं. एकटा अणू प्रकाश गिळतो, बाहेर टाकतो आणि पुढच्या धक्क्याला तयार होतो. रेणू आतल्या आत थरथरतो, गिरक्या घेतो. थोडे धक्के खाल्ले की त्याची थरथर बदलते, आणि मग आपला लेझर त्याला दिसतच नाही. त्याला परत आणायला दुसऱ्या रंगाचा लेझर लागतो. आमचा पहिला नारिंगी होता, दुसरा लाल. नारिंगी निमूट चालायचा. लालचा रंग मात्र एसी सुरू झाला, कुणी दार आपटलं, व्होल्टेज जरा खाली गेलं, की केसभर सरकायचा. आणि केसभर सरकला की सगळं मुसळ केरात. विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगाच्या खोलीच्या दारावर मी 'आत येऊ नये' असा कागद चिकटवला. लोक दार उघडून विचारायचे, "आत येऊ का?"

दोन उन्हाळे असेच गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी लाल टिकला. रेणूंचा झोत नळीच्या दुसऱ्या टोकाला पोचला की स्क्रीनवर एक उंचवटा दिसायचा. दोन्ही लेझर लावल्यावर तो उंचवटा उजवीकडे सरकला. म्हणजे रेणू उशिरा पोचत होते! मी माझ्या गाईड सरांना फोन लावला. सर जिन्यात असतानाच लाईट गेली.

सर आत आले तेव्हा नळीतली हवा खेचणारे पंप थांबत होते.

"सर, सरकला होता. मी पाहिला."

"डेटा साठवला?"

"साठवायच्या आधीच गेली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "परत दाखव. एकदा दिसलेलं आपल्याकडे धरत नाहीत."

परत तो सरकलेला कधीच दिसला नाही. पावसाळा संपेपर्यंत मी रोज लेझर वळवणारे आरसे हलवले, लालला गोंजारलं, शिव्या दिल्या. खरंच दिसलं होतं की मीच डोळ्यांत आणलं होतं, हेही कळेना. शेवटी सर म्हणाले, "लाल सोडून दे. नारिंगीवर रेणू किती चमकतात तेवढं नीट मोज आणि थीसिस लिही." मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा हेही समजेना. थीसिसच्या नावातून 'संथ करणे' हे शब्द मीच खोडले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "संथ करायचा प्रयत्न नाही केला?"

"केला," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढची स्लाइड लावली.

मोजमाप छान आहे, असं त्या म्हणाल्या. वडिलांनी पेढे आणले होते, ते व्हरांड्यात वाटले. सगळे अभिनंदन करत होते आणि मी हसत मान डोलवत होते. चिडचिड तशीच होती.