बिनमिठाची आंबील

भुताखेतांच्या या ग्रुपवर मी फक्त लोकांना पिडायला येतो, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. कुणी पांढऱ्या साडीतली बाई पाहिली की 'चष्मा घातला होता का?' असं विचारणारा तो मीच. त्यामुळे आज माझी खुशाल टर उडवा, पण आधी पूर्ण वाचा.

मी सास्तूरचा, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. सात वर्षं जपानमध्ये, नागोयाजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. लॉकडाऊनच्या वर्षी श्रावणात माझे वडील, अण्णा गेले. त्या दिवसांत जपानबाहेर पडलेल्याला परत आत घेतील याची खात्री नव्हती. मी रात्रभर विचार केला आणि... नाही गेलो. नोकरी वाचली. आईने तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं. फोन केला की वहिनी बोलायच्या, मागे आईचा खोकला तेवढा ऐकू यायचा. दीड वर्ष हेच. आतून पार पोखरून निघालो होतो.

त्यानंतरच्या एका दोन जानेवारीची ही गोष्ट. इकडे नवीन वर्षाची सुट्टी, आणि तिकडे नेमकी येळवस — म्हणजे आमची वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारून आत पाच पांडव म्हणून पाच दगड पुजतात, आणि ज्वारीचं पीठ, ताक, लसूण घालून केलेली आंबील पितात. अण्णा गेल्याच्या वर्षी आमच्या घरी सण झालाच नव्हता. ही त्यांच्यानंतरची पहिली येळवस.

घरात बसवेना म्हणून मी आणि बायको मनीषा तासाभरावरच्या डोंगरात एका बौद्ध मंदिरात गेलो. बर्फ भुरभुरत होता. अंगणात एक आजी मोठ्या पातेल्यातून सगळ्यांना आमाझाके वाढत होत्या. तांदळाचं गरम, गोड पेय असतं ते. दोघांनी कप घेतले. अकरा वाजले होते.

मी घोट घेतला आणि तो आंबट लागला. लसूण... ओवा... ताक. आंबील होती ती, आईच्या हातची! पण सपक. मीठच नव्हतं.

"चव बघ जरा," म्हणून मी माझा कप मनीषाला दिला.

"गोड आहे की. काय झालं?" ती म्हणाली.

मी परत घेऊन प्यायलो. आंबील. बिनमिठाची.

काय सुचलं कोण जाणे, तिथूनच घरी फोन लावला. आपल्याकडे साडेसात वाजले होते. वहिनी शेतात न्यायच्या टोपल्या भरत होत्या.

"वहिनी, आंबिलीत मीठ टाकलंय का बघता का?"

"काय बी इचारताव भावजी! निवद दाखवायच्या आधी चव कुणी बघतं व्हय? आत्यांनी स्वतः केलीया."

मागे आईचा खोकला आला. मी फोन ठेवला. स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी चारला, परतीच्या ट्रेनमध्ये फोन वाजला. वहिनींचाच नंबर. इथं ट्रेनमध्ये कुणी फोनवर बोलत नाही, म्हणून मधल्याच स्टेशनवर उतरलो.

"मीठ न्हाई रे त्येच्यात," पलीकडून आई बोलली.

दीड वर्षांनी तिचा आवाज!

"समद्यांनी निवद झाल्यावर तोंडाला लावली, तवा कळालं. तुला कुणी सांगितलं?"

"इथं देवळात प्यायलो आई... तीच लागली."

ती म्हणाली, "मीठ तुझे अण्णा टाकायचे. दरसाल. म्या हलवायची, आन् त्येंनी मुठीनं टाकायचं. तुमी पोरं झोपलेली असायचाव. काल म्या हलवीतच बसले बघ... त्येंच्या मुठीची वाट बघत असल्यागत."

मला हे माहीतच नव्हतं. मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून रडलो, सांगायला लाज नाही.

"जेवलास का?" तिने विचारलं. "पुढल्या येळवशीला मीठ टाकाया ये."

आता तुम्ही म्हणाल, आठवण येत होती म्हणून तशी चव लागली. मान्य. पण मीठ नाही हे कसं कळलं? तिकडे तर तोवर कुणी थेंबही चाखला नव्हता. आणि कुणी मला कळवलंच म्हणावं, तर ज्यांच्या शेवटच्या दर्शनालाही मी गेलो नाही त्या अण्णांनी मला का कळवावं? त्यांच्या जागी मी रागावलो असतो. गोंधळ आहे सगळा, अजूनही.

पुढच्या येळवशीला रजा काढून गेलो. आदल्या रात्री आई हलवत होती, मी मूठभर मीठ टाकलं. चाखायची सोय नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोपीसमोर तिने घोट घेईपर्यंत जीव टांगणीला.

तिने घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"जरा कमीच हाय," म्हणाली. "त्येंची मूठ मोठी होती." आणि अजून चिमूटभर टाक म्हणून वाटी माझ्यापुढे धरली.