सूर्यभान मास्तरांचा दुखरा पाय

सूर्यभान मास्तर आढाव यांच्यात नक्कल करण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि हेच त्यांचं दुःख होतं.

उंची मध्यम, आवाज मध्यम, मिशी असून नसल्यासारखी. चालताना चपला वाजत नसत. शिंक आली तरी ती रुमालात जिरायची. मिशनच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवायचे, पण पोरं त्यांना भ्यायची नाहीत आणि टोपणनावही ठेवायची नाहीत. फळा जसा भिंतीला असतो, तसे मास्तर शाळेला होते.

आता यात दुःख कसलं, असं कुणी म्हणेल. त्याने मे महिन्यातल्या शिबिराला यावं.

राहात्यापासून बैलगाडीच्या अंतरावर मिशनचं कंपाउंड होतं. दगडी चर्च, चार लिंबोणीची झाडं, एक विहीर. उन्हाळ्याच्या सुट्टीत आसपासच्या गावांतल्या ख्रिस्ती मंडळींची पोरं वळकटी आणि तांब्या घेऊन आठवडाभर तिथे राहायला यायची. सकाळी शास्त्रपाठ, दुपारी गायन, संध्याकाळी प्रार्थना. आणि शेवटच्या संध्याकाळी सोंगं. म्हणजे पोरांनी मोठ्यांच्या नकला करायच्या आणि मोठ्यांनी पुढच्या रांगेत बसून त्या गिळायच्या. रीत जुनी होती आणि तिला एक अर्थ होता, जो कुणी बोलून दाखवत नसे: ज्याचं सोंग निघालं, तो पोरांचा झाला.

गेल्या वर्षी पाद्री ओहोळांचं सोंग निघालं. स्वयंपाकाच्या बनुबाईचं तर दोनदा निघालं. एवढंच नाही, पाण्याची गाडी ओढणारा हौशा बैल वळणावर थांबून मागे कसा बघतो, याचंही सोंग निघालं आणि टाळ्या थांबेनात.

मास्तरांचं निघालं नाही. आठ उन्हाळे झाले, एकदाही नाही.

घरी रंगुबाईने ही जखम बरोब्बर हेरली होती.

"बैलाचं निघालं?"

"निघालं."

"अन् तुमचं?"

"वेळ संपला."

"बैलाला बरा घावला वेळ!"

म्हणून या साली, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात, मास्तरांनी मनाशी ठरवलं. एखादी लकब कमवायची. पाद्रीसाहेबांना होती, ते "प्रियहो" म्हणताना टाचा उचलायचे. बनुबाईला होती, ती पळी उगारून आधी ओरडायची आणि मग वाढायची. मास्तरांनी वाक्याच्या शेवटी "मुद्दा काय?" म्हणायचं पक्कं केलं आणि घरीच सराव सुरू केला.

"रंगू, भाकरी वाढ. मुद्दा काय?"

"मुद्दा असा, का पीठ संपलंय. उठा, गिरणीत जा."

शिबिराच्या पहिल्याच सकाळी मास्तर बायबलातल्या योनाच्या पाठाला उभे राहिले. "योना माशाच्या पोटात गेला. मुद्दा काय?" आणि हळूच पोरांकडे बघितलं, कुणी हसतंय का.

राहात्याच्या याकोबने हात वर केला. हा याकोब म्हणजे देवाने तोंडात रेडिओ बसवूनच पाठवलेलं पोरगं. मास्तरांना वाटलं, आलं!

"मुद्दा असा मास्तर, का आत अंधार हुता."

"अन् वास बी," दुसरा म्हणाला.

"अन् योनाला पवाया येत न्हवतं," तिसरी म्हणाली.

"बरोबर," मास्तर म्हणाले. दुपारपर्यंत पोरं मुद्द्यांवर मुद्दे देत राहिली. पाद्रीसाहेबांनी पाठ थोपटली, "मास्तर, या वर्षी मुलं काय लक्ष देतात हो तुमच्या तासाला!" मास्तरांचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी मात्र देवाने हात दिला, म्हणजे मास्तरांना तसं वाटलं. हौशाच्या खुंट्याला त्यांचा डावा पाय ठेचकाळला. "आयाई गं" करत चार पावलं लंगडत गेले, सहज मागे बघितलं, तर याकोब! अगदी तस्साच, डावा पाय ओढत, एक खांदा पाडून चालत होता. मास्तरांनी बघितल्याबरोबर तो सरळ झाला आणि लिंबोणीकडे बघायला लागला.

मास्तरांचं काळीज उडालं. एवढं सोपं होतं तर!

पाय दहा मिनिटांत बरा झाला, लंगडणं काही बरं झालं नाही. जेवायला लंगडत, विहिरीवर लंगडत, फळ्याकडे तर असे लंगडत गेले की पोरांनी बाक बाजूला केला. पण हसायचं कुणी नाव घेईना. उलट पोरं कळवळली. कुणी काठी आणली, कुणी खांदा दिला. बनुबाईने तेल कोमट करून आणलं, पाय मांडीवर घेतला, घोटा दाबला, तळवा दाबला, आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं.

"दुकतंय?"

"लई."

"हितं?"

"तिथंच."

"तितं तर म्या बोट बी लावलं न्हाई अजून," बनुबाई म्हणाली आणि तेलाची वाटी उचलून चुलीकडे गेली.

याच गडबडीत फाटकापाशी पुणतांब्याची विजयमाला बसलेली होती. आठ वर्षांची. आली तेव्हापासून वळकटी सोडली नव्हती, त्यावरच बसायची आणि रस्त्याकडे बघून रडायची. कुणाशी चकार शब्द नाही. बनुबाईने गूळ-शेंगदाणे दिले, ते खाऊन पुन्हा रडायला बसली. गुरुवारी राहात्याच्या बाजाराला तिचा बाप बैलगाडी घेऊन येणार होता, तेव्हा तिला परत धाडायचं ठरलंच होतं.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला पाद्रीसाहेबांनी टाचा उचलल्या. "प्रियहो, आज कोणासाठी विनंती करावी?"

"मास्तरांच्या पायासाठी!" सगळं शिबिर एका आवाजात.

मास्तर नक्कल मागायला गेले होते, पदरात प्रार्थना पडत होती.

"कोण करील?"

पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली. आणि मागून, वळकटीसकट, विजयमाला उठली. डोळे गच्च मिटले. "हे प्रभू येशू, आमच्या मास्तरांचा पाय बरा कर. डावा बी कर, उजवा बी कर. आमेन."

लेकराने शिबिरात काढलेला हा पहिला शब्द. पाद्रीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, बालकाची उदारता! एक पुरला असता, दोन मागितले!"

सकाळी कडुनिंबाला घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा वाजला तेव्हा मास्तर खोलीच्या दाराआड उभे होते, आणि त्यांना बाहेर पडता येईना. लंगडत गेलं, तर पोरीची पहिली प्रार्थना फुकट गेली, आणि ती पुन्हा वळकटीवर जाऊन बसणार. सरळ गेलं, तर चमत्कार झाला, आणि तो खोटा. मिशनच्या मास्तराने खोटा चमत्कार करावा? फटीतून बघितलं. विजयमाला पायरीवर बसली होती, नजर उंबऱ्यावर.

मास्तर बाहेर आले. सरळ चालत आले.

पोरीने डावा पाय बघितला, उजवा बघितला, आणि कंपाउंडभर बोंब ठोकत सुटली. "बरा झाला! आगं बनुमावशी, बरा झाला!"

पाद्रीसाहेब अर्धी दाढी करून धावत आले. "मास्तर, देवाने पाय कसा बरा केला, याची शेवटच्या संध्याकाळी आपण साक्ष द्यायची. सर्वांसमक्ष!"

"पाद्रीसाहेब, मला जरा बोलायचं होतं..."

"तेव्हाच बोला! आता आपण देवाचे उपकार मानू," आणि डोळे मिटून जे सुरू झाले, ते गालावरचा साबण वाळेपर्यंत थांबले नाहीत.

इकडे विजयमालेला धंदा सापडला. वळकटी सुटली. तिने बनुबाईच्या कंबरेसाठी प्रार्थना केली, हौशाच्या मोडक्या शिंगासाठी केली, पुणतांब्याच्या मामीच्या दाढेसाठी केली. गाण्यात पुढे उभी राहायला लागली. पोरींच्या वेण्या घालायला लागली. रात्री घरच्या आठवणीने हुंदके देणाऱ्या दोघींना म्हणे दटावून झोपवलं. गुरुवारी बाप बैलगाडी घेऊन फाटकात आला.

"चल गं."

"कुठं?"

"घरी. रडत हुतीस ना?"

"दादा, माजी लई कामं हायती हितं. तुमी जा, उशीर हुईल."

बाप गाडीत बसला तरी मागे बघत होता, अगदी हौशासारखा.

मास्तरांनी हे सगळं बघितलं आणि त्यांना भाकर गिळवेना. कबूल करावं, तर या पोरीचं काय? न करावं, तर साक्ष खोटी. शेवटी ते चुलीपाशी जाऊन बसले.

"बनुबाई, एक सांगायचं होतं. पायाचं."

"मला काय सांगता? माजं तेल वाया गेलं त्याच दिशी मला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मोठा मानूस लंगडतो, मंजी त्याचं काय तरी आसंल. आता पोरांना सांगा."

"कसं सांगू हो?"

"जसं लंगडलात तसं. समद्यांच्या म्होरं." आणि पळी उगारून ओरडली, "सरका तिकडं, आमटी उतू चाललीया!" मग एक वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

शेवटच्या दिवशी ऊन उतरल्यावर चर्चपुढे सतरंज्या पडल्या. पाद्रीसाहेबांनी जाहीर केलं, "आधी सोंगं, मग मास्तरांची साक्ष." मास्तर पुढच्या रांगेत बसले होते, पण त्यांना आज सोंगाची हौस उरली नव्हती. ते मनात वाक्य जुळवत होते. प्रियहो, माझा पाय... प्रियहो, मी एक...

पाद्रीसाहेबांचं सोंग झालं. या साली त्यात साबण होता. बनुबाईचं झालं. हौशाचं झालं, आणि त्याच्या मागोमाग विजयमालेच्या बापाचंही झालं. पोरं हसून लोळली. आणि मग चर्चच्या कोपऱ्यावरून याकोब आला.

मिशी नाही, टोपी नाही, काही नाही. नुसता डावा पाय ओढत, खांदा पाडून चार पावलं चालला, आणि सगळ्या सतरंजीतून एकच आवाज उठला, "मास्तर!"

मास्तर जागच्या जागी ताठ झाले.

याकोब विहिरीपर्यंत गेला. तिकडून एक पोरगी ओरडली, "मास्तर, सलाम!" याकोब वळला, सलाम केला, आणि परत निघाला. या खेपेला उजवा पाय ओढत.

दोन पावलांवर थांबला. खाली बघितलं. डाव्याकडे बघितलं, उजव्याकडे बघितलं. डोकं खाजवलं. मग अगदी मध्यम आवाजात, असून नसल्यासारख्या आवाजात, स्वतःलाच विचारलं, "पाय दुखतो. मुद्दा काय? मुद्दा असा, का कोनता?"

बनुबाईने पदर तोंडात कोंबला. पाद्रीसाहेबांच्या उचललेल्या टाचा खाली आल्या. आणि अजून संपलं नव्हतं. विजयमाला पुढे आली, याकोबच्या पायांपुढे गुडघे टेकले, एक डोळा मिटला, दुसरा उघडा ठेवून एकदा हा पाय, एकदा तो पाय बघितला, आणि म्हणाली, "हे प्रभू येशू, मास्तरच पाय इसरत्यात. तू दोनी धर."

हसणं कंपाउंडाच्या भिंतीवरून रस्त्यावर गेलं. रस्त्यावरची एक बैलगाडीसुद्धा थांबली.

मास्तर उठले. कान लाल झाले होते, आणि ओठ आवरता आवरत नव्हते, हसू आहे की रडू ते त्यांनाही कळत नव्हतं.

"विजयमाला, तुला ठाऊक होतं?"

"व्हय. सकाळी डावा हुता, जेवताना उजवा झाला. समद्यांना ठावं हुतं."

"मग प्रार्थना कशाला केलीस?"

पोरीने मास्तरांकडे असं बघितलं, जसं मास्तर पाढा चुकणाऱ्याकडे बघतात. "पाय नसंल दुकत. पर कायतरी दुकत आसंल ना मास्तर. उगाच कोन कशाला लंगडंल?"

आता हसणं थांबलं. पाद्रीसाहेबांनी घसा साफ केला. "मास्तर... ती साक्ष..."

"पोरांनी दिली, पाद्रीसाहेब," मास्तर म्हणाले. "शब्द न् शब्द खरी आहे. आणि ते दुखत होतं ना, तेही बरं झालं. आत्ताच." मग त्यांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण आवाज मध्यमच असल्यामुळे तो टाळ्यांत बुडाला.

दुसऱ्या दिवशी एस.टी.तून उतरले तेव्हा रंगुबाई थांब्यावर उभी होती. पिशवी घेतली, डोक्यावर ठेवली आणि तोंडाकडे बघितलं.

"निघालं?"

मास्तरांनी पिशवीचं ओझं गेलेला हात झटकला, डावा पाय ओढला, खांदा पाडला आणि भर रस्त्याने घराकडे चालायला लागले. पारावरची माणसं बघायला लागली. मारुतीच्या देवळापाशी मास्तरांनी पाय बदलला आणि सहज मागे वळून बघितलं.

डोक्यावर पिशवी, पदर कमरेला खोचलेला, रंगुबाई त्यांच्या मागोमाग उजवा पाय ओढत येत होती.